ल्युपसच्या रिपोर्टमधले आकडे: कशाकडे बघायचं आणि कशाकडे नाही

कागल तालुक्यातल्या एका भावाचा प्रश्न आहे. बहीण २६ वर्षांची, शाळेत शिकवते. तीन वर्षांपूर्वी सांधे धरले, गालांवर चट्टा उठला, केस झडायला लागले आणि तपासणीत ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार, निघाला. औषधांनी सगळं आटोक्यात आलं. आता हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी आणि पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू आहे. दर तीन महिन्यांनी लॅबमध्ये ल्युपसचं अख्खं पॅकेज करतात आणि दर वेळी एएनए (पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी) पॉझिटिव्हच येतो. या वेळी डीएस-डीएनए ६० वरून १८० वर गेला आणि सी३ ७२ आला. बहिणीला मात्र काहीच त्रास नाही. स्टिरॉइड वाढवायचं का, एएनए कधी निगेटिव्ह होणार, आणि मे महिन्यात लग्न आहे त्याचं काय, असं त्यांनी विचारलंय.

दादा, एएनएपासून सुरुवात करते, कारण तुमचे सगळ्यात जास्त पैसे त्यावर गेलेत. एएनए ही निदानापुरती तपासणी आहे. ल्युपसच्या शंभरातल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव रुग्णांत ती पॉझिटिव्ह असते. २०१९ साली युरोप आणि अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून जे निकष ठरवले, त्यात १:८० (म्हणजे रक्त ऐंशी पट पातळ करूनही दिसणारा) किंवा त्याच्या वरचा एएनए ही पहिलीच अट आहे. पण ती अट एकदा पूर्ण झाली की तिचं काम संपलं. आजार उसळला म्हणून एएनए चढत नाही, शांत झाला म्हणून उतरत नाही. धडधाकट माणसांतसुद्धा १:८० चा एएनए शंभरात दहा-तेरा जणांना सापडतो, आणि त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. तुमच्या बहिणीचा एएनए निगेटिव्ह होण्याची वाट बघू नका. पुढच्या पॅकेजमधून तो खोडून टाकायला सांगा. अँटी-स्मिथ या दुसऱ्या प्रतिपिंडाच्या तपासणीचंही तेच: तो निदानाला मोलाचा, पण एकदा कळला की दर तीन महिन्यांनी विचारून नवीन काही सांगत नाही.

आता डीएस-डीएनए आणि सी३. या दोघांची जोडी आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

ल्युपसमध्ये शरीर स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकातल्या डीएनएविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. डीएस-डीएनए ही त्यांचीच मोजणी. सुमारे ७० टक्के रुग्णांत ती कधी ना कधी सापडतात. ही प्रतिपिंडं आणि डीएनए यांचे गुंते होतात, ते मूत्रपिंडात, कातडीत, रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि तिथं कॉम्प्लिमेंट नावाची रक्तातली प्रथिनं पेटतात. सी३ आणि सी४ ही त्यातलीच. पेटली की खर्च होतात, म्हणून रक्तात कमी दिसतात.

आपल्याकडच्या माणसाला हे गुऱ्हाळावरून लगेच कळतं. चुलवाणाच्या तोंडाशी चिपाडाचा ढीग असतो. ढीग झपाट्यानं उतरत असेल तर काहिलीखाली जाळ जोरात आहे, हे लांबूनही ओळखू येतं. सी३ म्हणजे तो ढीग. पण एक मेख आहे. मागून कुणी चिपाडाचे भारे आणून टाकत असेल, तर जाळ कितीही असला तरी ढीग तेवढाच दिसतो. शरीरात ते भारे आणतं यकृत. जंतुसंसर्ग झाला, ताप आला, दिवस गेले की यकृत सी३ जास्त बनवतं. म्हणून गरोदर बाईचा सी३ ९५ आला आणि लॅबच्या कागदावर ९० ते १८० नॉर्मल छापलंय, म्हणून मी निश्चिंत होत नाही. गरोदरपणात तो एरवीपेक्षा चढलेला असायला हवा होता.

सी४ ची आणखी वेगळी गंमत. काही माणसांत सी४ ची जनुकंच जन्मतः कमी असतात. अशा बाईचा सी४ दहाच्या खाली असतो आणि आजार पूर्ण शांत असतानाही तो तिथंच राहतो. हे माहीत नसलेला डॉक्टर प्रत्येक भेटीत तिचं औषध वाढवत बसतो.

म्हणून तुमच्या आकड्यांबद्दल माझा पहिला प्रश्न: ६० आणि १८० हे दोन्ही एकाच लॅबचे आहेत का? डीएस-डीएनए मोजायच्या पद्धती निरनिराळ्या आहेत. बहुतेक ठिकाणी एलायझा नावाची किटवरची पद्धत वापरतात, पण प्रत्येक कंपनीच्या किटचं एकक आणि मर्यादा वेगळी. काही लॅब क्रिथिडिया नावाच्या एकपेशीय जिवावर प्रतिपिंडं चिकटून चमकतात का (फ्लुरोसन्स) ते बघतात. ती पद्धत पॉझिटिव्ह आली तर जास्त भरवशाची, पण थोडी प्रतिपिंडं असतील तर तिच्यातून निसटतात. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका लॅबचा ६० आणि शाहूपुरीतल्या दुसऱ्या लॅबचा १८० यांची तुलना म्हणजे शेर आणि किलोची तुलना. आधी त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीनं पुन्हा करा.

दुसरा प्रश्न: तिचा सी३ एरवी किती असतो? कागदावर छापलेली मर्यादा सगळ्या जगासाठी असते, मला तुमच्या बहिणीची हवी. माझ्याकडे एक बाई येतात, सात वर्षं त्यांचा सी३ ७० ते ७८ च्या दरम्यान आहे. लघवी स्वच्छ, रक्त व्यवस्थित, दोन मुलं झाली. त्यांच्यासाठी ७२ म्हणजे रोजचा दिवस. आणि दुसरी एक मुलगी होती, तिचा सी३ कायम १३० च्या आसपास. एका भेटीत ९६ आला. कागदावर नॉर्मल, कुठं लाल अक्षर नाही, ठळक अक्षर नाही. तिच्या वडिलांनी मात्र तो पकडला.

ते इचलकरंजीचे. आयुष्य यंत्रमागावर गेलं, सुताचा हिशेब ठेवायची सवय. त्याच आडव्या हिशेबवहीत त्यांनी पोरीच्या आजाराचे रकाने आखले होते: तारीख, लॅब, सी३, सी४, डीएनए, लघवीतलं प्रथिन, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, गोळीचा डोस, आणि शेवटचा रकाना ‘कशी आहे’. त्यात त्यांच्या अक्षरात ‘बरी’, ‘बरी’, ‘बोटं सकाळी आखडतात’, ‘बरी’. त्यांनी ९६ वर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘बाई, हा आकडा आमच्या पोरीचा नाही.’ लघवी तपासली तर प्रथिन जायला लागलं होतं. बायोप्सी झाली, म्हणजे मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासला, औषध वेळेत बदललं, मूत्रपिंड वाचलं. मी त्या वहीचा फोटो आजही नवीन रुग्णांना दाखवते. तुम्हीही आज एक वही घ्या आणि तीन वर्षांचे रिपोर्ट त्यात उतरवा. अर्धा तास लागेल. ७२ चा अर्थ मग तुम्हाला माझ्याआधी कळेल.

आता मूळ प्रश्न. समजा दोन्ही आकडे खरे निघाले, डीएनए चढलाय आणि सी३ तिच्या नेहमीपेक्षा उतरलाय, पण तिला काहीच त्रास नाही. आकडे तापलेले आणि माणूस शांत, ही अवस्था आम्हाला ओळखीची आहे. काही जण अशाच अवस्थेत वर्षानुवर्षं राहतात. काहींचा आजार पुढच्या काही महिन्यांत उसळतो. कुणाचं काय होईल हे त्या दोन आकड्यांवरून सांगता येत नाही. म्हणून नुसत्या आकड्यांसाठी स्टिरॉइड वाढवायचं नाही. ते वाढवलं की साखर, रक्तदाब, हाडं, मोतीबिंदू, जंतुसंसर्ग यांची किंमत ती नक्की मोजणार, आणि ती सुद्धा न झालेल्या आजारासाठी. पण ‘काही होत नाही’ म्हणून तीन महिने घरीही बसायचं नाही. तिला जवळून बघायचं, म्हणजे चार ते सहा आठवड्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लघवी, रक्तदाब. डीएनएबाबत एक विचित्र गोष्ट लक्षात असू द्या: काही रुग्णांत ऐन उसळीच्या वेळी तो उलट खाली आलेला दिसतो, कारण प्रतिपिंडं रक्तातून निघून अवयवांत जाऊन बसलेली असतात. म्हणजे उतरलेला आकडा पाहूनही लगेच पेढे वाटायचे नाहीत.

इथं मला लघवीबद्दल जरा जास्त बोलायचंय. तुमच्या पूर्ण प्रश्नात तो शब्द एकदाही आला नाही आणि त्याची मला खरी काळजी वाटली.

ल्युपसमध्ये मूत्रपिंड दुखत नाही. सांधा दुखतो, कातडी दिसते, केस कंगव्यात येतात, पण मूत्रपिंड गुपचूप जातं. आणि मूत्रपिंड जो कचरा बाहेर टाकतं त्यातलं एक, रक्तातलं क्रिएटिनिन, फार उशिरा वाढतं. मूत्रपिंडाचं काम निम्म्यावर आलं तरी ते नॉर्मल असू शकतं. खबर आधी लघवीत येते. लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर ०.५ च्या वर गेलं, म्हणजे दिवसाला साधारण अर्धा ग्रॅम प्रथिन वाहून जातंय, की आम्ही मूत्रपिंडाच्या बायोप्सीचा विचार करतो. सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी किंवा त्यांचे कास्ट (नळीसारखे साचे) दिसले तर आणखी लवकर.

गडहिंग्लज भागातून एक आई आपल्या मुलीला घेऊन आली होती. पोरीचे पाय असे सुजले होते की बोटानं दाबलं की खड्डा तसाच राहायचा, चपलेचा पट्टा कातडीत रुतलेला. रक्तदाब १७० वर १०४. फाइल चांगली जाडजूड, प्लास्टिकच्या पाकिटांत लावलेली. मी मोजलं: एएनएचे अकरा रिपोर्ट आणि लघवीचा एक, तो चौदा महिन्यांपूर्वीचा. त्या माउलीनं रक्ताच्या प्रत्येक पॅकेजसाठी उसनवारी केली होती. ‘लघवीत फेस येतोय म्हणून ही सांगायची, पण कुणी विचारलं नाही,’ म्हणाली. सगळ्यात स्वस्त तपासणी राहून गेली होती. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर रिकाम्या बाटल्यांचा डबा असतो.

लघवी द्यायची पण रीत आहे. पहाटे उठल्यावरची पहिली, मधल्या धारेची. पाळीच्या दिवसांत नको, लाल पेशी दिसतात आणि सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. जळजळ, वारंवार लघवी असं असेल तर आधी जंतुसंसर्ग बघायचा. आदल्या दिवशी शेतात दिवसभर भांगलण केली असेल किंवा ताप असेल तरी प्रथिन थोडं वाढून येतं, तेव्हा दोन-चार दिवसांनी द्या. सीबीसी आणि साधी लघवी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यातही होते. त्यासाठी महागडं पॅकेज लागत नाही.

ईएसआर आणि सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या ही दुसरी जोडी, आणि इथं चूक झाली तर ती जिवावर बेतते. बहुतेक आजारांत दोन्ही बरोबर चढतात. ल्युपस उसळला की ईएसआर चढतो, सीआरपी मात्र बरेचदा जिथल्या तिथं किंवा जेमतेम वाढलेला असतो. या आजारात इंटरफेरॉन नावाचं द्रव्य वाढलेलं असतं आणि ते यकृताला सीआरपी बनवू देत नाही. म्हणून ल्युपसच्या रुग्णाला ताप असेल आणि सीआरपी शंभराच्या वर असेल तर मी आधी जंतू शोधते. चैत्रात जोतिबाच्या यात्रेहून आलेली एक मुलगी आठवते. दिवसभर उन्हात चढण, अंगावर चट्टे परत उठलेले, ताप १०२. घरच्यांचं ठाम मत, ल्युपस उसळला, गोळी वाढवा. चट्टे उन्हाचेच होते, ते खरं. पण सीआरपी १४८ होता आणि छातीच्या एक्स-रेत उजव्या खालच्या बाजूला न्यूमोनिया. त्या दिवशी कुणी ४० मिलिग्रॅम स्टिरॉइड दिलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही. याला अपवाद आहेत: फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या आवरणाला सूज आली, सांधे भरपूर सुजले, तर ल्युपसनंही सीआरपी चढतो. म्हणून आकडा दिशा दाखवतो, निकाल डॉक्टरांनी तपासून द्यायचा. ईएसआर तर रक्त कमी असेल, वय असेल, पोटात बाळ असेल तरी वाढतो. एकट्या ईएसआरवर मी आजवर औषध बदललेलं नाही.

सीबीसीकडे लोक फक्त हिमोग्लोबिनपुरतं बघतात. मी आधी लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) आणि प्लेटलेट बघते. पांढऱ्या पेशी ४०००च्या खाली, प्लेटलेट लाखाच्या खाली, हा आजार जागा असल्याचा इशारा असू शकतो. पण अझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर पेशी औषधानंही उतरतात, आणि स्टिरॉइडनं एकूण पांढऱ्या पेशी उलट वाढतात, तेव्हा डोसचा रकाना शेजारी हवाच. हिमोग्लोबिन कमी असणं आपल्याकडच्या बायकांत बहुतेक वेळा लोहाच्या कमतरतेनं असतं. ते अचानक दोन-तीननं घसरलं, डोळे पिवळे झाले, पेशी फुटल्या की वाढणारं एलडीएच चढलं, तर लाल पेशींवर प्रतिपिंडं चिकटलीत का हे बघणारी कूम्ब्स टेस्ट करायची. तेव्हा लाल पेशी फुटत असतात आणि थांबायला वेळ नसतो.

नवीन तपासण्यांबद्दल विचारणारे बरेच असतात. इंटरफेरॉनची जनुकीय खूण, लघवीतलं सीडी१६३, अँटी-सी१क्यू वगैरे. यातलं शास्त्र खरं आहे. इंटरफेरॉनच्या अभ्यासातूनच अॅनिफ्रोलुमॅब हे औषध आलं, २०२१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पण तुमच्या बहिणीचं उद्याचं औषध त्या तपासण्यांवर ठरणार नाही. ते पैसे बाजूला ठेवा.

एक तपासणी अशी आहे की ती विचारावी लागते: गोळी पोटात जाते का? रक्तातली हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची पातळी मोजता येते, पण बहुतेक वेळा मी नुसती रिकामी पाकिटं आणायला सांगते. आकडे बिघडण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे बरं वाटतंय म्हणून बंद केलेली गोळी. तिचा डोस वजनाच्या किलोमागे पाच मिलिग्रॅमपर्यंत आहे ना ते बघा, आणि डोळ्यांची तपासणी सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दर वर्षी करून घ्या. डोळ्यांच्या भीतीनं गोळी सोडलेल्या मुली मी परत आजारी पडताना बघितल्यात.

लग्नाचं बोलू. तुम्ही विचारलेलं नाही तरी सांगते: सासरच्यांना आजार सांगून लग्न करा. लपवून लग्न झालं की पहिली बंद होते ती गोळी, कारण ती कपाटातून काढून घेताना कुणी बघेल याची धास्ती असते. मग सहा महिन्यांनी आजार तिच्यासाठी बोलतो. मुलाला आणि त्याच्या आईला माझ्याकडे घेऊन या, मी समोर बसून समजावते. असे बरेच संसार सुखानं चाललेले मी बघते.

तिच्या दोन तपासण्या मात्र आत्ताच व्हायला हव्यात, आधी झाल्या नसतील तर. एक, अँटी-रो आणि अँटी-ला या प्रतिपिंडांची. अँटी-रो असलेल्या बायकांत शंभरातल्या एक-दोन बाळांच्या हृदयाच्या ठोक्यांत अडथळा येऊ शकतो. आधी माहीत असेल तर गरोदरपणात बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी वेळेवर करता येते, आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू ठेवण्याला आणखी एक कारण मिळतं. दुसरी, अँटिफॉस्फोलिपिडच्या तीन तपासण्या: ल्युपस अँटिकोअॅग्युलंट, अँटी-कार्डिओलिपिन आणि अँटी-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन. यांनी रक्ताच्या गाठी होतात, गर्भ पडतो. पॉझिटिव्ह आल्या तर बारा आठवड्यांनी पुन्हा करूनच शिक्का मारायचा, कारण साध्या विषाणूच्या तापानंतरही त्या काही दिवस पॉझिटिव्ह येतात. म्हणून मे महिन्याच्या आधी वेळ हातात ठेवा. मूल हवं असेल तर आधी निदान सहा महिने आजार शांत हवा, आणि शांत म्हणजे लघवीही स्वच्छ.

या आठवड्यात तुम्ही काय करायचं ते सांगते. पहाटेची लघवी द्या, प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर आणि सूक्ष्मदर्शकाची तपासणी दोन्ही लिहून घ्या. रक्तदाब मोजा. सीबीसी, क्रिएटिनिन, सी३, सी४ आणि डीएस-डीएनए जुन्याच लॅबमध्ये. वही भरून फाइलसोबत तुमच्या डॉक्टरांकडे जा. गोळी त्यांना विचारल्याशिवाय कमी-जास्त करू नका. पाय किंवा डोळ्यांभोवती सूज, लघवीत फेस किंवा लाली, छातीत दुखणं, धाप, अंगावर निळे-लाल ठिपके, ताप, झटका किंवा बोलण्यात गडबड, यातलं काहीही झालं तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

आणि मे महिन्यातलं लग्न आहे, तर भर दुपारच्या उघड्या मांडवात तिला बसवू नका. हळद सकाळी लवकर, सावलीत. सनस्क्रीन हळदीच्या आदल्या दिवसापासून. मुहूर्त निवडायची मुभा असेल तर गोरज मुहूर्त धरा. लग्नाच्या दोन आठवडे आधी लघवीची एक बाटली मात्र माझ्या किंवा तुमच्या डॉक्टरांच्या टेबलावर यायलाच हवी.